एकाच कपाटाचे दोन कप्पे

आमच्या संगणकात 'सी' आणि 'डी' असे दोन ड्राइव्ह. (ए, बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीकडे असत.) दोन्हीकडे फोटो ठेवले की काळजी मिटली, असे हे म्हणत आणि मलाही पटे. मे महिन्यात भर दुपारी दोनदा लाइन गेली, अन् संगणक सुरूच होईना! आतून नुसती टकटक. राजकमल चौकातला दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "काकू, डिस्क एकच आहे. सी-डी तिचेच भाग. आता पुन्हा पुन्हा चालू करू नका, आहे तेही जाईल."

म्हणजे एकाच कपाटाचे दोन कप्पे! विंडोज नव्याने टाकताना डीमधले शाबूत राहते, एवढाच त्याचा उपयोग. कपाटच गेल्यावर काय?

फोटोंचे एवढे नाही हो, पण मामंजींचा आवाज त्यातच होता. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "सारं एकाच पेटीत ठेवलं होतं काय वं?" मला तर तोंड वर करवेना.

अकोल्याच्या नणंदबाईंनी दिवाळीत तो पेनड्राइव्हवर नेला होता, म्हणून वाचला. आता दर महिन्याला मी वेगळ्या हार्डडिस्कवर सारे उतरवते, दोन फायली उघडून बघते, मग तिची वायर काढून ठेवते. अन् सांडग्या-कुरड्यांच्या डब्याबरोबर एक पेनड्राइव्ह अकोल्याला जातो.