बेल्ह्याचा सोमवार

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बेल्हे हे गाव आहे. पश्चिमेस नाणेघाटाच्या बाजूला पाऊस नको नकोसा होतो. पूर्वेस आण्याचे पठार मात्र थेंबासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेले असते. अशा मुलखात माणसाला पैसा जपून खर्च करावा लागतो. बेल्ह्याचा आठवड्याचा बाजार सोमवारी भरतो. धान्य, भाजी, मिरची, कापड, भांडी सारे काही तेथे येते. पण या बाजाराची खरी ख्याती आहे ती बैलांसाठी.

विक्रीला उभा केलेला बैल नवरदेवासारखा नटलेला असतो. शिंगे साळून रंगविलेली, त्यांना गोंडे बांधलेले, गळ्यात घुंगुरमाळ. विकणाऱ्याच्या जिभेवर तर साक्षात सरस्वती नांदत असते! परंतु जाणता शेतकरी या थाटाला भुलत नाही. तो प्रथम बैलाचा जबडा उघडतो. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे, की पुरता जुळला आहे, यावरून त्याचे वय समजते. मग तो खूर पाहतो, जुवाने खांदा सोलवटलेला नाही ना, हे हात फिरवून पाहतो, आणि बैलाला चार पावले चालवून त्याची चाल न्याहाळतो. पूर्वी सौदा ठरे तो उपरण्याखाली. दोघे हातात हात घालीत आणि बोटांच्या खुणांनी भाव सांगत. भोवतालच्या गर्दीला काही कळत नसे.

एवढी पारख करणारा हा शेतकरी त्याहून अवघड पारख घरीच करून आलेला असतो. गोठ्यात कडबा किती उरला आहे? विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल? दावणीला जो बैल आहे त्याच्या उंचीशी नवा बैल जुळेल काय? जोड बेजोड झाली, तर दोघांनाही ओढ नीट लागत नाही. आणि शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो : बैल खरोखरच हवा आहे, की शेजाऱ्याच्या दारात नवी खिलारी जोडी आली म्हणून मन ओढ घेत आहे? हा प्रश्न दुसरा कोणी विचारीत नाही. तो ज्याचा त्यानेच स्वतःला विचारायचा असतो. त्याचे उत्तर चुकले, तर पेरणीचा हंगाम हातचा जातो आणि कर्जाचे जू मालकाच्याच मानेवर बसते.

म्हणूनच नवा कासरा खांद्यावर टाकून सकाळी बाजारात आलेला एखादा शेतकरी संध्याकाळी तोच कासरा तसाच खांद्यावर घेऊन परत जाताना दिसतो. त्याला कोणी हसत नाही. आता नांगराचे काम पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टर करतो, आणि शर्यतीच्या बैलाची हौस वाढली आहे. हौसेला मोल नाही, असे म्हणतात. ते मोल घरच्या माणसांना मात्र भरावे लागते.

मौज अशी, की बैलाचे दात मोजणारा हाच चोखंदळ माणूस शेजारच्या आळीत शिरला, की लकाकणाऱ्या विजेरीपुढे किंवा पोराच्या रंगीत चष्म्यापुढे क्षणात विरघळून जातो. वस्तू स्वस्त असली, की तिचा जबडा उघडून पाहण्याची आठवण राहत नाही.

विकत घेण्यापूर्वी मनाला विचारण्याची ही सवय एका माणसाने व्रताच्या पदवीला नेली. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी लोकांत ‘सार्वजनिक काका’ या नावाने ओळखले जात. त्यांनी १८७२ साली स्वदेशी वस्तूच वापरण्याचा निश्चय केला. विलायती कापड तलम होते आणि सुबकही होते. पण आपण दिलेला पैसा कोणाच्या घरी जातो आणि त्यामुळे आपल्या कोष्ट्याच्या घरची चूल पेटते की विझते, याचा विचार त्यांनी केला. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे भरजरी पोशाखांत मिरवीत असताना हे गृहस्थ खादीच्या साध्या कपड्यांत तेथे उपस्थित राहिले. त्यांना कोणी तसे करण्याची सक्ती केली नव्हती.

आज गिऱ्हाइकाच्या पाठीशी कायदा उभा आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. वजनात मारले, खोटी जाहिरात केली, तर दाद मागता येते. मात्र गरज नसलेली वस्तू ज्याने राजीखुशीने घेतली, त्याने कोणाविरुद्ध दाद मागावी? शिवाय बाजार आता सोमवारची वाट पाहत नाही. तो खिशातल्या फोनमध्ये अहोरात्र भरलेला असतो. बेल्ह्याच्या दोन बाजारांमध्ये सहा दिवस असत. त्या सहा दिवसांत एखादी इच्छा पिकून गरज ठरे, नाही तर सुकून गळून पडे. बोटाच्या एका स्पर्शाने होणाऱ्या खरेदीत हे सहा दिवस कोठे गेले, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

लिहिता न येणाऱ्या जुन्या बायका हा हिशेब पदराच्या गाठीत ठेवीत. मीठ संपले, की एक गाठ. दिव्याची वात संपली, की दुसरी. सोमवारी बाजारात त्या एकेक गाठ सोडीत आणि तेवढीच वस्तू घेत. कधी कधी एखादी गाठ कशासाठी मारली होती, ते काही केल्या आठवत नसे. मग क्षणभर थांबून ती गाठही सोडली जाई, पदर झटकला जाई, आणि डोक्यावर पाटी घेऊन म्हातारी घराची वाट धरी.