शिक्षेमागची कारणं

आयोवा विद्यापीठातला गॉल नावाचा विद्यार्थी २००० साली एक्स्टसीच्या गोळ्या विकणाऱ्या टोळीत शिरला, तीस हजार डॉलरहून जास्त कमावले आणि सात महिन्यांनी आपणहून बाहेर पडला. पुढे पदवी घेतली, बांधकामाचा धंदा उभारला. २००४ मध्ये आरोप ठेवले गेले, तेव्हा स्वतःच हजर झाला. अमेरिकेतल्या संघीय शिक्षा-तक्त्यानुसार त्याला ३० ते ३७ महिन्यांची कैद व्हायची. जिल्हा न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांनी कैदेऐवजी ३६ महिन्यांचं प्रोबेशन दिलं.

आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फिरवलं. तक्त्यापासून शंभर टक्के दूर जायचं तर परिस्थितीही तितकीच असामान्य हवी, असा त्यांचा हिशेब. १० डिसेंबर २००७ रोजी सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी तो हिशेब मोडीत काढला. प्रोबेशन म्हणजे शून्य शिक्षा नव्हे, असं न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं: जिल्हा सोडायला परवानगी लागते, अधिकारी न सांगता घरी येऊ शकतात.

या ‘गॉल’ निकालाने अपिलं लिहिणाऱ्या वकिलाच्या कामाची दिशा ठरवली. २००५ च्या ‘बुकर’ निकालापासून तक्ता बंधनकारक नाही, सल्ल्यापुरता आहे. अपील न्यायालय पाहतं ते शिक्षा वाजवी आहे का, एवढंच. आपण स्वतः किती दिली असती, हा प्रश्न तिथे गैरलागू. त्यामुळे वकील आधी सुनावणीची शब्दशः नोंद काढून बसतो. तक्त्याची बेरीज चुकली का? तक्ता बंधनकारक धरला गेला का? बचावाच्या मुद्द्याला उत्तर मिळालं का? अशी चूक सापडली तर शिक्षा नव्याने ठरवायला खटला खाली परत जाऊ शकतो. नुसत्या ‘शिक्षा फार झाली’वर क्वचितच यश येतं.

आरोपीला समोर पाहिलेल्या न्यायाधीशाच्या निर्णयाला अपील न्यायालयाने असा मान द्यायलाच हवा. पण मग त्या न्यायाधीशाने कारणंही द्यायला हवीत. २००७ च्याच ‘रिटा’ खटल्यात पंचवीस वर्षांहून अधिक लष्करी सेवा झालेल्या आरोपीला ३३ महिने मिळाले, तक्त्यातला किमान आकडा. कारणमीमांसा अगदी त्रोटक. सुप्रीम कोर्टाला ती पुरेशी वाटली. ज्याचं आयुष्य पणाला लागलंय त्याला त्याहून जास्त ऐकण्याचा हक्क आहे.

शिक्षेच्या सुनावणीत कमी शिक्षा मागितली असेल तर ‘ही जास्त झाली’ हा मुद्दा अपिलासाठी आपोआप शाबूत राहतो, असं २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने ठरलं. कार्यपद्धतीतल्या चुकीबद्दल मात्र त्या निकालाने काही ठरवलं नाही. म्हणून कसलेला वकील शिक्षा सुनावून झाल्यावर पुन्हा उभा राहतो आणि कारणं अपुरी असल्याची हरकत नोंदवून घेतो.