गच्चीवरून ऐकलेलं स्टेडियम

कोल्हापूर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, तांबडा-पांढरा रस्सा, पायात करकरणारी चप्पल. मला मात्र सगळ्यात आधी एक आवाज आठवतो. उन्हं उतरताना मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर पोहोचणारा, हजारो गळ्यांतून एकदम उठणारा आवाज. शाहू स्टेडियमचा.

लग्न होऊन मी बंगळुरूला आले, त्याला आता तीस वर्षांहून जास्त झाली. मला फुटबॉल आवडतो म्हटलं की इथले शेजारी विचारतात, "गोवा की कोलकाता?" मी म्हणते, "कोल्हापूर." मग सगळं समजावून सांगावं लागतं. तुम्हालाही थोडक्यात सांगते.

कोल्हापूर मुळात कुस्तीचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं कुस्ती मैदान 1912 साली खुलं झालं. पेठापेठांत तालमी होत्या, आजही आहेत. याच तालमींतली पोरं पुढे फुटबॉलच्या मागे लागली. म्हणून आमच्या संघांची नावं ऐकून बाहेरचा माणूस चक्रावतो: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी आहे. 1940 साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, लीग भरवते. थंडीत हंगाम सुरू होतो. लीग संपली की चषकांच्या स्पर्धा, त्या पार उन्हाळ्यापर्यंत. आणि या सगळ्याचं घर एकच, राजर्षी शाहू स्टेडियम. 2017 साली भारतात 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

माझी तालीम कोणती, ते मात्र सांगणार नाही. सांगितलं तर कोल्हापूरचे निम्मे वाचक इथूनच परत फिरतील.

आमच्या घरात तर दोन पक्ष होते. आप्पा मंगळवार पेठेतले, आईचं माहेर शिवाजी पेठेतलं. आप्पांचा संघ माझ्या मामांच्या संघाकडून हरला की त्या रात्री घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. आई गुपचूप ताटं वाढायची, पण आमटीला जरा जास्तच चव असायची.

आप्पा आणि दादा सामन्याला जायचे. आई आणि मी गच्चीवर. हंगाम नेमका वाळवणाचा असायचा. कुरडया, सांडगे, पापड उचलायला आम्ही संध्याकाळी वर जायचो, तेव्हा सामना ऐन रंगात आलेला असायचा. गच्चीवरून मैदान दिसत नव्हतं. मध्ये घरं, झाडं, पाण्याच्या टाक्या. फक्त आवाज यायचा.

आवाज उठला की मी विचारायची, "आई, काय झालं गं?"

आई हातातली कुरडई तशीच धरून दोन क्षण कान द्यायची आणि सांगायची, "गोल नाही. बारला लागला असणार." किंवा, "कॉर्नर मिळाला." किंवा, "झाला! पण आपला न्हवं."

मला वाटायचं, ती थापा मारते. मग दादा घरी आला की मी एकेक विचारून ताळा करायची. तिचं फार क्वचित चुकायचं. गोलचा आवाज एकदम फुटतो आणि बराच वेळ टिकतो, ती सांगायची. हुकलेला गोल वर चढतो आणि मध्येच खाली बसतो. रेफ्रीवर चिडले की आवाज एका बाजूनंच येतो. आयुष्यात एकदाही स्टेडियमच्या आत न गेलेल्या माझ्या आईला हे सगळं कळत होतं.

तुम्ही विचाराल, मग ती गेली का नाही? बायकांना बंदी होती का? नव्हती. फाटकावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतली एकही बाई सामना बघायला गेलेली मला आठवत नाही. ते बायकांचं ठिकाण नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोल्हापूरच्या मुलींची एक गंमत तुम्हाला माहीत असेल. आम्ही बोलतो मुलांसारखं. "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो". दादा निघाला की मी पायरीवर उभी राहून म्हणायची, "दादा, मी पण येतो."

"तू नगं," तो म्हणायचा आणि पळायचा. बोलणं मुलांसारखं चालत होतं, जाणं चालत नव्हतं.

मी नववीत असतानाची एक संध्याकाळ विसरता येत नाही. आम्ही पापड उचलत होतो. आवाज उठला. मी नेहमीसारखं विचारलं, "काय झालं गं?" आई काही बोलली नाही. तिनं हातातला पापड खाली ठेवला, जिना उतरली, पायात चपला घातल्या आणि पदर खोचून तडक निघाली. मी मागोमाग. गल्ली ओलांडेपर्यंत ती एकच वाक्य बोलली, "हा खेळाचा आवाज न्हाई."

खरंच नव्हता. गॅलरीत दोन बाजूंच्या पोरांची जुंपली होती, दगड आले होते. फाटकातून माणसं धावत बाहेर पडत होती. त्या लोंढ्यात आई एका जागी उभी राहिली आणि प्रत्येक चेहरा बघत राहिली. दादा आला तेव्हा त्याच्या कपाळावर रुमाल होता आणि रुमाल लाल झाला होता. तीन टाके पडले. मागून आप्पा आले, मान खाली घालून.

मला वाटलं, आता दादाचं जाणं बंद. दुसऱ्या आठवड्यात तो घुटमळत दाराशी उभा होता. आई म्हणाली, "खेळ बघायचा तर जा. भांडण बघायचं असलं तर घरात बस." तो गेला. मी तुम्हाला आमच्या गावाचं फक्त गोडगोड सांगितलं तर ते खोटं होईल. पेठेचा अभिमान हीच आमच्या फुटबॉलची ताकद आहे आणि तोच कधीकधी डोक्यात जातो. त्याची किंमत मैदानावर न गेलेल्या बायकाही मोजतात.

मी पहिल्यांदा आत गेले ती 1987 साली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही तिघी मैत्रिणींनी घरी न सांगता जायचं ठरवलं. पायऱ्या चढून वर आलो आणि समोर ते हिरवं मैदान एकदम उघडलं. इतकी वर्षं ज्याचा आवाज ऐकला, ते असं दिसतं तर! माझे डोळे भरून आले आणि मैत्रीण म्हणाली, "ऊन लागलं काय गं?"

आजूबाजूच्या लोकांनी सरकून आम्हाला जागा दिली. एका आजोबांनी शेंगांची पुडी पुढे केली. आमच्या मागे एक गडी बसला होता. रेफ्रीनं त्याच्या मनाविरुद्ध शिट्टी वाजवली की तो उठायचा, "अरे तुझ्या..." इथपर्यंत यायचा, आम्हाला बघायचा, खोकायचा आणि म्हणायचा, "अहो रेफ्री! चष्मा घाला की!" मध्यंतरापर्यंत त्याचा घसा बसला.

सामना संपताना मला समोरच्या बाजूला आप्पा दिसले. त्यांनीही मला पाहिलं होतं. घरी जाईपर्यंत माझ्या पायांत गोळे आले. रात्री जेवायला बसलो. आप्पा भाकरी मोडत होते, मी ताटातून मान वर काढत नव्हते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "दुसरा गोल ऑफसाइड होता काय गं? तुझ्या बाजूनं नीट दिसलं असंल."

आई वाढता वाढता थांबली. दादाचा घास हातातच राहिला. मी म्हणाले, "नव्हता आप्पा. त्यांचा बॅक मागं राहिला होता."

"मग बरोबर," आप्पा म्हणाले आणि आमटी मागितली. त्या दिवसापासून माझं जाणं रीतसर झालं. पण आई तेव्हाही गच्चीवरच राहिली. मी कितीदा म्हटलं, चल. ती म्हणायची, "वाळवण कोण उचलणार?"

चार वर्षांनी लग्न झालं आणि मी बंगळुरूला आले. पहिल्या हंगामात माझी अवस्था विचारू नका. संध्याकाळचे पाच वाजले की कान वाजायचे. कोल्हापूरच्या घरी फोन आल्यावर मी महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी एसटीडी बूथवर जायची. रात्री दर कमी व्हायचा, पण सामना काही रात्री नसायचा. आई फोन उचलायची, फार बोलायची नाही. "ऐक," म्हणायची आणि रिसीव्हर खिडकीबाहेर धरायची. बूथवाला मीटरकडे बघायचा आणि माझ्याकडे बघायचा. ही बाई पैसे भरते, बोलत काहीच नाही, नुसती ऐकते आणि हसते!

आता सामने मोबाइलवर दिसतात. दादा लिंक पाठवतो. परदेशातून आलेले खेळाडूही आमच्या पेठांच्या संघांतून खेळले, तेही मी बंगळुरूच्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं. सोय झाली खरी, पण मोबाइलच्या आवाजाला गच्चीवरच्या आवाजाची सर नाही.

आप्पा गेल्यावर आई हिवाळ्यात माझ्याकडे येऊन राहायला लागली. 2020 च्या जानेवारीत ती इथेच होती, तेव्हा भारतीय महिला लीगचे सामने बंगळुरूच्या फुटबॉल स्टेडियमवर भरले. संघांच्या यादीत एक नाव होतं, कोल्हापूर सिटी. मी दोनदा वाचलं. मग आईला म्हटलं, "उठ. इथे वाळवण नाही. आज कारण चालणार नाही."

बहात्तर वर्षांची माझी आई पहिल्यांदा फुटबॉलच्या स्टेडियममध्ये बसली. तेही कोल्हापुरात नाही, बंगळुरूत. समोर कोल्हापूरचं नाव लावून मुली खेळत होत्या. आई पुढे वाकून बघत होती. म्हणाली, "एवढं जवळ असतंय होय? बूट आपटलेला ऐकू येतोय."

प्रेक्षक थोडेच होते. गर्जना नव्हती, हुंकार नव्हता. मैदानात काही घडलं की इकडेतिकडे चार टाळ्या. एकदा गोलसमोर गर्दी झाली, चेंडू कुठे गेला ते कळेना. आई गोंधळली. आयुष्यभर जिनं नुसत्या आवाजावरून सामना वाचला, तिला त्या शांततेत काहीच वाचता येईना. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "काय झालं गं?"

मला क्षणभर बोलताच आलं नाही. मग म्हटलं, "गोल नाही, आई. बारला लागला."

त्या स्पर्धेत आमच्या मुली उपांत्य फेरीपर्यंत पोहोचल्या नाहीत. आईला त्याचं काही वाटलं नाही. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मला कुणी नको म्हटलं नव्हतं. पण कुणी चल पण म्हटलं नव्हतं. तू म्हटलंस, तवर वेळ गेली होती."

दोनच महिन्यांत करोना आला आणि सगळीकडची मैदानं ओस पडली. कोल्हापूरला परतलेली आई फोनवर म्हणायची, "गच्चीवर करमत न्हाई गं. संध्याकाळ सगळी मुकी झाली."

सामने पुन्हा सुरू झाल्यावर एका उन्हाळ्यात मी गेले आणि आईला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. माझी भाची बरोबर होती, शाळेच्या संघात खेळते. गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी चढत आई वर आली. खूप वेळ बघत राहिली. पहिला गोल झाला, सगळं स्टेडियम उठलं, तो आवाज अंगावर आला. आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि लहान मुलीसारखी हसली.

मध्यंतराला म्हणाली, "चला आता घरी. गच्चीवरनं जास्त कळतंय." भाचीकडे वळून म्हणाली, "तू मात्र बस गं. तू आत खेळणारी."

हंगामात कधी कोल्हापूरला आलात तर देवदर्शन करा, रस्सा ओरपा आणि एक संध्याकाळ शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर घालवा. आणि तुमच्या गावात जे काही मैदान असेल, क्रिकेटचं, कबड्डीचं, कुस्तीचं, तिकडे निघताना घरातल्या आईला, आजीला, बायकोला एकदा म्हणून बघा, "चल." ती कदाचित वाळवणाचं कारण सांगेल. तरी म्हणा.