धुऱ्याकडची जागा

बैलबाजारात गोऱ्हा पाहायला गेलेला माणूस आधी दात पाहतो, मग खूर, आणि सौद्यावर येण्याआधी विचारतो, "कोन्या खांद्याचा हाये?" जुवाखाली कायम डाव्या अंगाला चाललेला बैल एकदम उजवीकडे जुंपला की तो बावरतो, तास सोडतो, जोडीदारालाही ओढतो. हे आमच्या दर्यापूरकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा हात कोणता, हे मात्र घरात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आलं शाळेत, आणि तिथं त्याचा निकालही लगेच लागला. पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात गेली ती कायमची. म्हणून मी आज लिहितो उजव्यानं, बाकी सगळं डाव्यानं. सचिन तेंडुलकरचं बरोबर उलटं, तो लिहितो डाव्यानं आणि खेळला उजव्यानं. तेवढाच काय तो आमचा संबंध.

आपला हात अडतो कुठं आणि अडत नाही कुठं, हे मला शेतात कळत गेलं. कापूस वेचताना अडत नाही. कमरेला ओटी बांधली की दोन्ही हात बोंडावर. कोणता आधी पोचला हे कोण पाहतो? विळीवर भाजी चिरताना अडत नाही, पातं उभं असतं, वांगं कुठल्याही हातानं रेटा. कुदळ, पावडं, टोपलं यांना डावं-उजवं नाही. क्रिकेटच्या बॅटलाही नाही. आमच्या अकोल्याचा अथर्व तायडे डावखुरा सलामीला उतरतो तेव्हा पंचाईत गोलंदाजाची होते, त्याची नाही. हातात अवजारच नसेल, किंवा असलेलं दोन्हीकडून सारखं असेल, तर डावखुरेपण दिसतसुद्धा नाही.

ते दिसलं विळ्यापाशी.

आमच्याकडं सोयाबीन आलं तोवर मी अकोल्याला कॉलेजात होतो. दसरा-दिवाळीच्या मधे सोंगणी यायची, मजूर मिळायचे नाहीत, मग सुटीत घरी आलेला पोरगा पातीला लागायचा. विळ्याचं पान नीट पाहिलं तर एका अंगानं सपाट असतं, दुसऱ्या अंगानं घासून धार काढलेली असते. उजव्या हातात धरला की सपाट अंग जमिनीकडं येतं, धार मातीलगत राहते आणि पान सरळ खोडात शिरतं. तोच विळा डाव्या हातात घ्यायचा, तर बाक आपल्याकडं यावा म्हणून तो पालथा करावा लागतो. मग धार वर उचलली जाते, उतार खाली जातो, पान खोडात शिरायचं सोडून वर चढतं. वाळलेलं सोयाबीन अशा विळ्यानं कापलं जात नाही, उपटतं. मुळाला माती येते, ती पुढं थ्रेशरमधून दाण्यात जाते. हिसका बसला की शेंगा तिथंच तडकतात आणि दाणे भेगांमध्ये. वडील मागून येऊन खाली पाहायचे. बोलायचे नाहीत, पण पाहायचे.

पातीत आणखी एक भानगड होती. सोंगणारा माणूस एका हातानं खोडं मुठीत धरतो, दुसऱ्यानं कापतो आणि मुठीच्या बाजूला टाकतो. सगळ्या बायांचे विळे उजवीकडं, ढीग डावीकडं. त्यात मधेच मी डावरा. माझा विळा डावीकडं, म्हणजे थेट शेजारणीच्या विळ्यासमोर. पातीची म्होरकी असलेल्या काकूनं पहिल्याच तासाला हात थांबवला आणि ओरडली, "हा डेबऱ्या हाये वं! याले डाव्या धुऱ्याकून लावा, नाई त माह्या कोपरात इळा घालन!" त्या बाईनं फूटपट्टी न लावता जे सांगितलं ते अगदी बरोबर होतं. डावीकडच्या शेवटच्या जागी माझ्या कोपराला धुऱ्यापर्यंत मोकळं रान मिळालं. माझा ढीग उजवीकडं पडायचा, शेजारणीचा डावीकडं, म्हणजे दोघांचा मिळून एकच. काम एकरानं ठरलेलं असल्यामुळं ढीग कोणाचा यावरून भांडणही नाही. पात उलट फिरली की काकू न विसरता मला दुसऱ्या टोकाला धाडायची. पुढं सगळ्याच शेतांत माझी जागा ठरून गेली.

जेवायला बसलो की मी त्या बायांचे हात पाहायचो. प्रत्येकीच्या डाव्या हाताच्या बोटांवर, करंगळीवर हमखास, विळ्याच्या जुन्या पांढऱ्या रेघा. मुठीत धरणाराच हात कापला जातो. माझी रेघ उजव्या करंगळीवर आहे.

विळा पाजवायला गावातल्या लोहाराकडं गेलो, तेव्हा काकूची गोष्ट त्याच्या कानावर गेलेली होती. तो म्हणाला, "जाय, तिकडचं गवत काप थोडं." भात्यापाशी बसल्या बसल्या तो माझ्या मनगटाकडं पाहत राहिला. मग एक जुनं पान तापवलं, ऐरणीवर ठोकून बाक किंचित उघडा केला, आणि धार नेहमीच्या अंगावर न काढता दुसऱ्या अंगावर काढली. छिन्नीनं दातेही त्याच अंगानं पाडले. मूठ बसवताना माझ्याच हातात देऊन दोनदा फिरवून पाहिली. पैसे नेहमीचेच घेतले. तो विळा हातात आला आणि मी पातीतल्या बायांच्या बरोबरीनं नाही, पण त्यांनी मागं वळून पाहू नये इतपत सोंगू लागलो. गंमत म्हणजे आता घरात तो दुसऱ्या कोणाला चालेना. वडिलांनी एकदा उचलला, दोन खोडांत खाली टाकला. "काय लावून ठेवलं रे हे," म्हणाले. मला जे रोज व्हायचं, ते त्यांना तेवढ्यात झालं.

त्या लोहाराची भट्टी आता बंद आहे. दुकानात दातेरी विळे हारीनं टांगलेले असतात. हलके, स्वस्त, चांगले कापणारे, आणि दाते सगळ्यांचे एकाच अंगानं. अवजार माणसाच्या मापाचं हवं हे शास्त्राला काही नवीन नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं देशभरातल्या शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापं आणि हातापायांची ताकद मोजून त्याचं जाडजूड पुस्तक 2009 साली काढलं. बाईच्या मुठीत मावेल एवढी मूठ हवी, हे आता सगळे मानतात. जगात दहातला एक माणूस डावखुरा असतो असं अभ्यासक सांगतात. दहातल्या एकासाठी वेगळा कारखाना घाला असं मी म्हणत नाही. शंभर विळ्यांमागं पाचांना उलटे दाते पाडले तरी आमचं भागेल.

कात्रीची तऱ्हा त्याहून वाईट, कारण ती चूक दाखवत नाही. उजव्या हातात अंगठा नकळत बाहेर रेटतो, बोटं आत ओढतात आणि दोन्ही पाती एकमेकांना घासत मिटतात. डाव्या हातात तोच रेटा पात्यांना एकमेकांपासून दूर करतो. कापड कापलं न जाता पात्यांच्या फटीत दुमडून बसतं. शिवाय वरचं पातं नेमकं खडूच्या रेघेवर आडवं येतं. आई कापड बेतून माझ्याकडं द्यायची आणि मी ते कुरतडायचो. लोक समजतात कात्री बोथट आहे, नाहीतर पोरगा वेंधळा. अकोल्याच्या बाजारात मी एका दुकानदाराला विचारलं होतं, डाव्या हाताची कात्री आहे का? तो म्हणाला, "डाव्या हातात धरा न मंग भाऊ, कोन नाई म्हन्ते?"

फवारणीचा पंप मात्र आपोआप सुटला. जुन्या पाठीवरच्या पंपाचा दांडा डाव्या हातानं मारायचा आणि नळी उजव्या हातात. म्हणजे ज्या हातानं मी नेम धरणार, तो दांडा हलवत बसायचा. बॅटरीचा पंप आला, दांडाच गेला, नळी डाव्या हातात आली. डावखुऱ्यांचा विचार त्यामागं कोणीच केला नव्हता. फायदा झाला, मी घेतला.

सरकारदरबारी डाव्या हाताला किंमत आहे ती वेगळ्याच कारणानं. कागदावर अंगठा मागतात तो बहुतेक डावा, मतदानाची शाई लागते ती डाव्या तर्जनीला. हा हात रिकामाच असतो, असं गृहीत धरलेलं असावं.

माझी पुतणी डावखुरी आहे आणि लिहितेही डाव्यानं. तिच्या वेळेपर्यंत शाळा सुधारली होती. ती नीटची तयारी करायला अकोल्यात राहते. तिच्या क्लासमध्ये उजव्या हाताला फळी असलेल्या खुर्च्या आहेत. डाव्यानं लिहायचं तर कंबर वळवून, कोपर हवेत धरून लिहावं लागतं. सराव परीक्षेत 180 प्रश्नांची गोळे रंगवायची उत्तरपत्रिका आणि प्रश्नपुस्तिका एका तळहाताएवढ्या फळीवर. पहिले काही दिवस खांदा दुखतो म्हणून तिचे फोन यायचे. मग तिनंच तोड काढली. तिच्या डावीकडच्या खुर्चीची फळी त्या खुर्चीच्या उजव्या हाताला, म्हणजे बरोबर तिच्या डाव्या कोपराशी येते. ती खुर्ची रिकामी राहिली की झालं. त्यासाठी ती लवकर जाते आणि तिथं दप्तर ठेवते. परवा उशिरा आलेली एक मुलगी तिच्यावर उखडली, "फी एकाच खुर्चीची भरली न तुनं?"

"एकाचीच भरली," पुतणी म्हणाली, "पन ते मले भेटली कुठी?"