आमच्या गॅरेजमधली हवा

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना गाडी घेऊन गेला. कर्वेनगरातल्या आमच्या जुन्या बंगल्याचं गॅरेज रिकामं झालं. रिकामं म्हणजे किती दिवस? आठवड्याभरात तिथे जुनी गादी, मोडका पाळणा आणि ह्यांची रद्दी येऊन पडली. म्हटलं, आत्ताच काही केलं नाही तर ही कायमची अडगळ होणार. भिशीचे पैसे नुकतेच हाती आले होते. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं संशोधन केंद्र आहे. तिथून धिंगरी अळिंबीचं बी आणलं, मुळशीकडून भाताचा पेंढा आणवला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात उद्योगाला लागले.

ह्यांनी नाक मुरडलं. "कुत्र्याच्या छत्र्या उगवणार का आता घरात?" पण सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. त्या मूळच्या संगमेश्वरकडच्या. लहानपणी श्रावणात रानातून आणलेली अळंबी खाल्लेली त्यांना अजून आठवते. "तू कर गं, मी आहे," म्हणाल्या. ब्याऐंशीव्या वर्षी त्या पेंढा निवडायला माझ्याबरोबर बसल्या.

कृती तशी सोपी. पेंढा रात्रभर भिजवायचा, सकाळी ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा, निथळून गार झाला की प्लॅस्टिकच्या पिशवीत थर द्यायचे. एक पेंढ्याचा, त्यावर बी, पुन्हा पेंढा. बिर्याणीसारखंच, आपल्याला काय शिकवायचं त्यात! पिशवीला भोकं पाडून पंधरा-वीस दिवस अंधारात ठेवायची. आतून सगळा पेंढा पांढरा झाला की पिशवी कापून काढायची आणि दिवसातून दोन-तीनदा बारीक फवाऱ्याने पाणी मारायचं.

इथवर सगळं ठीक झालं. पण डिसेंबरची थंडी पडली आणि मी शटर लावून घेतलं, फटींत चिंध्या कोंबल्या. बाळंतिणीची खोली ठेवतात तसं गॅरेज उबदार ठेवलं! अळिंबी उगवली ती विचित्रच. वीत-वीतभर देठ आणि टोप्या चिंचोक्याएवढ्या. केंद्रात नेऊन दाखवल्यावर तिथल्या बाईंनी विचारलं, "खोलीत हवा खेळते का?" तेव्हा उलगडा झाला. अळिंबी झाडासारखी नाही, ती आपल्यासारखी श्वास घेते. प्राणवायू घेते आणि कर्बवायू सोडते. तो कोंडला की बिचारी हवा शोधत मान लांब करते. शिवाय या पिशव्या स्वतःही ऊब धरतात. हात लावून बघा, कोमट लागतात. म्हणजे मी कोंडत होते ते थंडीच्या भीतीने, आणि थंडीची एवढी भीती मुळात नव्हतीच. धिंगरीला २० ते ३० अंश चालतं.

मग भिशीतल्या उरलेल्या पैशांतून एक्झॉस्ट पंखा बसवला. बाजूच्या बोळाकडे छोटी खिडकी होती, तीत तो अगदी फिट बसला. शटरखाली वीतभर फट ठेवून तिला बारीक जाळी लावली, नाहीतर चिलटं जमतात. आठ दिवसांत टोप्या तळहाताएवढ्या झाल्या. सोसायटीतल्या बायका रांग लावून पाकिटं घेऊन जाऊ लागल्या. ह्यांनीसुद्धा भजी खाल्ली, न बोलता.

जानेवारीत सासूबाईंना खोकला लागला. कोरडा, रात्री जास्त. थंडीचा असेल म्हणून हळद-दूध दिलं, आल्याचा रस दिला. डॉक्टरांचं औषध आणलं. चार दिवस बरं वाटे, की पुन्हा सुरू. मी मात्र सकाळ-संध्याकाळ टोप्या मोजत होते.

एका सकाळी गॅरेजमधल्या स्कूटरच्या काळ्या सीटवर पांढरी भुकटी दिसली. पावडर सांडली असेल म्हणून पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. केंद्रात फोन केला. कळलं की ते अळिंबीचे बीजाणू. टोपी पूर्ण उमलली की खालच्या पडद्यांतून ते धुरासारखे झडतात आणि श्वासातून गेले की पुष्कळांना खोकला येतो. आकार मोठा दिसावा, वजन भरावं म्हणून मी टोप्या कडा वर वळेपर्यंत ठेवत होते.

फोन ठेवला आणि मी बोळात गेले. पंख्यासमोर उभी राहिले. वारा थेट तोंडावर. आणि चार फुटांवर, त्याच वाऱ्याच्या वाटेवर, सासूबाईंची खिडकी.

खरं सांगते, पाय तिथेच खिळले. आत जाऊन त्यांना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, पंखा लागला की खोकला येतो हे मला कधीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"बोलले असते तर तू बंद केलं असतंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या नावाचे पैसे तुझ्या हातात आले होते."

मला रडू आलं, आणि रागही आला. त्यांचाही आणि माझाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "घरात अळिंबी आहे हे आधी का नाही सांगितलंत?" कसं सांगणार? आपल्याला ते भाजीसारखंच वाटतं.

त्याच दिवशी पंखा उतरवला. बोळाची खिडकी विटांनी बुजवली आणि पंखा शटरच्या वर, रस्त्याच्या अंगाला बसवला. हवा आत यायला मागच्या भिंतीत जाळीचे दोन झरोके ठेवले. आता टोपीची कड आत वळलेली असतानाच अळिंबी काढते. थोडं वजन जातं, जाऊ दे. तोडताना मी तोंडाला मास्क लावते आणि सासूबाईंना तिथे फिरकू देत नाही. पेंढा निवडायला त्या अंगणात बसतात. त्यांचा खोकला सुटायला तीन आठवडे लागले.

उन्हाळ्याचं तंत्र निराळं. सकाळी नऊनंतर शटर खाली, आतून ओली गोणपाटं, जमिनीवर ओली वाळू. रात्री मात्र सगळं उघडं. एप्रिलात बाहेर ३८ असताना आत २९ राहिलेलं मी पाहिलंय. पावसाळ्यात हीच युक्ती केली तर पिशव्यांवर हिरवी बुरशी आली. माठातलं पाणी पावसाळ्यात गार होतं का? नाही ना? हवाच ओली, मग पाणी उडून जाणार कुठे? म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गोणपाट बंद, फवारा बेताचा आणि पंखा जास्त वेळ. मे महिन्यात सरळ सुट्टी घेते.

गॅरेजमध्ये थर्मामीटर आहे, पण पहाटेचा पहिला आकडा मी बघायच्या आतच सासूबाईंचा आवाज येतो, "काढलीस का गं? की आजही मोठी व्हायची वाट बघतेस?"