पेल्याचं बूड

माझ्या पत्रिकेत लंबवर्तुळाचा कोप असावा. आकड्यांचं मला भय नाही. बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेत त्यांच्याशीच झटतो आहे. पण स्टीलचा साधा सरळसोट पेला कागदावर काढायचा म्हटला, की हाताला कापरं भरतं.

परवा आठवीतल्या कन्येने जाहीर केलं, "बाबा, मी एलिमेंटरीला बसत्येय. तुम्ही दिली होतीत ना? मग माझ्याबरोबर सराव करा."

दिली होती हे खरं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा, भावी सासऱ्यांवर छाप पडावी म्हणून, 'ड्रॉइंगची परीक्षाही दिली आहे' असं मी बोललो होतो. निकाल कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही.

वस्तुचित्राच्या पेपरला समोर स्टुलावर पेला होता. त्याचं तोंड मी गोलसर काढलं आणि बूड पट्टीने सरळ. स्टूल सपाट, पेला त्यावर टेकलेला, मग बूड वाकडं कसं असेल? यात काय चुकलं हे मला तीस वर्षं कळलं नव्हतं.

तर रोज जेवणं आटोपली की पाटावर पेला ठेवून आम्ही बापलेक बसू लागलो. "बाबा, आधी मधोमध उभी रेघ. कडेची टोकं टोकदार करू नका, मासा होतो." पहिल्या रात्री माझ्या हातून बोंबील झाले, दुसऱ्या रात्री पापलेट. तिसऱ्या रात्री बटाट्यापर्यंत मजल गेली.

मग तिने पेला उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. तोंडाची नुसती आडवी रेघ झाली! हळूहळू खाली नेला, तसं तोंड उघडत गेलं. नजरेपासून जितकं खाली, तितकं जास्त गोल. म्हणजे बूड तोंडापेक्षा खाली, तेव्हा त्याचा दिसणारा अर्धा वळसा तोंडापेक्षाही भरदार हवा. आणि मी तिथेच पट्टी लावली होती! नजर ३० अंशांनी खाली उतरत असेल तर लंबवर्तुळाची उंची रुंदीच्या निम्मी, हे ऐकून तर मी मोहरलोच. शंभराला पन्नास. हा हिशेब आपला!

दुसऱ्या दिवशी कॅशच्या खिडकीत बसलो, तर समोर रुपयाच्या नाण्यांची चवड. म्हणजे दंडगोलच की! बसल्या जागेवरून मला वरचं नाणं चपटं दिसत होतं. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या आजोबांना तेच चांगलं गरगरीत दिसत असणार. मी हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने चवडीचं माप घेतलं.

"काय साहेब," आजोबा घाबरून म्हणाले, "कमी भरतायत का?"

त्या रात्री बूड जमलं. कन्या कागद दूर धरून बघत राहिली. "बाबा, तुम्हाला येत होतं ना आधीपासून? मला शिकता यावं म्हणून मुद्दाम चुकत होतात?"

हो म्हणायला काय हरकत होती? तोंडाशी आलंही होतं. पण पोरगी इतक्या विश्वासाने बघत होती, की जीभ रेटेना.

"नाही गं. मी नापास झालो होतो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. "माहीत आहे," आतून सौ. म्हणाली. "लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं."

कन्येने काही न बोलता पेला उचलला आणि पाटावर तांब्या आणून ठेवला.

"आता हा. तोंड, मान, पोट, बूड. चार लंबवर्तुळं आहेत, बाबा."