फॉर्मर म्हणजे शेतकरी नव्हे



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वातली गोष्ट. सासूबाईंचं एकाशन होतं, मी ताट वाढत होते आणि आप्पांच्या हातातला तांब्या पडला. उजवी बाजू गेली होती. तासाभरात मिरजेला दवाखान्यात पोचलो, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पैसे भरायचे होते. उसाचं बिल आप्पांच्या बचत खात्यात पडून होतं आणि खात्यावर दुसरं नाव सासूबाईंचं. मी निश्चिंत होते. त्यांना घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने खातं बघितलं आणि म्हणाली, "काकू, तुमची सही चालणार नाही. फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर आहे."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "हो, शेतकरीच आहोत आम्ही!"

हसू नका. खातं उघडताना फॉर्मवर तो शब्द वाचून दिला होता आणि त्यांनी मान डोलावली होती. फार्मर शेतकरी, हे त्यांना नातवाच्या पुस्तकातून माहीत. फॉर्मर म्हणजे दोघांतला पहिला, ज्याचं नाव आधी लिहिलंय तो. तो हयात असेपर्यंत खातं फक्त त्याच्या सहीवर चालतं. दुसऱ्या नावाला हक्क मिळतो तो पहिला गेल्यावर. आप्पा तर जिवंत होते, फक्त त्यांचा हात हलत नव्हता.

सासूबाईंचा चेहरा त्या वेळी मी बघितला. पन्नास वर्षं शेण-घाण, भांगलण, सगळं केलेली बाई. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ते गेल्यावरच माझी सही चालायची?" मला उत्तर सुचलं नाही.

त्या दिवशीचे पैसे माझ्या भावाने भरले. पुढे शाखेतल्या साहेबांनीच मार्ग सांगितला. आजारी माणसाला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, मात्र दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हाताचा अंगठा उठवता येत नसेल तर पायाचाही चालतो, हे मला तेव्हाच कळलं. आप्पा शुद्धीवर होते, मान हलवून होकार देत होते. साहेब दवाखान्यात आले, डाव्या अंगठ्याला शाई लावली.

आम्हाला हवं होतं ते 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. आयदर म्हणजे दोघांपैकी कुणीही. पण त्यातही एक गोम आहे. ठेव मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळते. मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. तेव्हा दवाखान्यासाठी म्हणून ठेवलेले पैसे सगळेच ठेवीत अडकवू नका, असं माझं मत.

घरी आल्यावर मी सगळी पासबुकं काढून बसले. एका ठेवीवर सासूबाई नॉमिनी. त्यांना वाटायचं, नॉमिनी म्हणजे खात्याची दुसरी मालकीण. तसं नाही. खातेदार हयात असताना नॉमिनीला छदामही काढता येत नाही, आणि नंतर बँक पैसे तिच्या हाती देते ते वारसांच्या वतीने. मालकी वारसांचीच. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका दिल्लीच्या भावाभावांच्या खटल्यात हेच सांगितलंय. आपल्यात किती घरांत यावरून नणंदा-भावजयांचं बोलणं बंद झालंय, ते तुम्हीच आठवा.

माझी स्वतःचीही फजिती सांगते. मोबाईलवर 'लिएन' दिसलं तर मी लोन समजून घाबरले होते, यांनी न सांगता कर्ज काढलं म्हणून दोन दिवस अबोला. लिएन म्हणजे बँकेने अडवून ठेवलेली रक्कम. पैसे आपलेच, पण काढता येत नाहीत.

आप्पा माघात काठी घेऊन चालायला लागले. त्यांना रिक्षाने बँकेत नेलं आणि दोघांच्या संमतीने खातं आयदर करून घेतलं. आप्पांनी डाव्या हाताने अंगठा दिला, सासूबाईंनी अख्खं नाव लिहिलं, जोडाक्षरासकट.

मग त्यांनी स्लिप मागून घेतली आणि स्वतःच्या सहीने पाचशे रुपये काढले. रिक्षात मी विचारलं, "आई, कशाला लागणार होते?"

"कशाला नाही," त्या म्हणाल्या, "निघतात का ते बघितलं."